नोंद क्रमांक चारशे बारा

मी लक्ष्मीपती चिट्याल, कोंडवाड्याचा कारकून.
बंद गिरणीच्या मागच्या गल्लीत बसतो.
दुपारी दोनला चिमणीची सावली टेबलावर येते,
सोलापुरात तेवढाच गारवा.
वहीत रकाने पाच : तारीख, जात, खूण, मालक, दंड.
सत्तावीस वर्षं एवढंच लिहिलं.

पांढऱ्या खोंडाने फाटक पाडलं त्या पहाटे
मी होतो. खोटं कशाला लिहू,
कपाळ फुटून रक्त डोळ्यांत उतरलं होतं
तरी तो मागे सरून पुन्हा धडकत होता
आणि त्याच्या मागे देगावच्या दोन म्हशी,
टांग्याचं म्हातारं घोडं,
भिंतीवरची पोस्टरं खाणारी शेळी,
आणि सुताचे गठ्ठे वाहून पाठ सोललेलं गाढव,
डावा कान फाटका, नोंद क्रमांक चारशे बारा.
हुंदडणं नव्हतं ते. काही रडत होते.

राखणदार पळाला. मी टेबलाखाली.
खोंडाने वाकून पाहिलं. म्हणाला,
तुम्ही राहा, आम्हाला लिहिता येत नाही.

त्या रात्री कंदिलाशी सगळे गोळा झाले
आणि मालकाच्या रकान्यात मी लिहिलं, मोठ्या अक्षरात :
आपण सगळे.
गाढवाने विचारलं, त्यात मी आलो का?
आलास, म्हटलं.
ते पान त्याने हुंगलं. बराच वेळ.
फाटकाची कडी लिंबाला टांगली,
कावळा बसला की वाजायची.

मग उन्हाळा. आपल्याकडचा उन्हाळा.
नळ पाचव्या दिवशी, हौद अर्धा.
कुणीतरी आधी प्यायचं,
तर ज्याचं कपाळ फुटलं त्याने प्यावं.
कुणी नाही म्हटलं नाही. मीही नसतं म्हटलं.
मग त्याच्यासोबत धडकलेल्यांनी.
मग, आपणही धडकलो होतो
असं ज्यांना आठवत होतं त्यांनी.
रोज जरा जास्त जणांना आठवू लागलं.

दंड बंद झाला. त्या रकान्यात आता वर्गणी.
भिंत दोन हात वाढली, महापालिका परत येईल म्हणून.
दगड गाढवाने वाहिले.
महापालिका आली नाही. तिची गाडी आली,
रात्री, मागच्या दाराने, पेंड घेऊन.
पोच मी लिहून दिली.
कडी झाडावरून उतरली. आधी आतून बसली,
मग बाहेरूनही.

वही संपली. नवी आली ती अरुंद रकान्यांची.
'सगळे' मावेना.
खोंड म्हणाला, राहू द्या, अर्थ तोच आहे.
आहे खरा. व्याकरणात बोट ठेवायला जागा नाही.
रकान्यात नुसतं : आपण.
आणि कपाळाच्या व्रणाला गुलाल लावून तो समोर आला
की मी खुर्ची सोडून उठतो, म्हणतो,
मालक, आपण?
शब्द तोच. फक्त म्हणताना मान खाली जाते.

परवा झाकड पडल्यावर गाढव आलं.
पहिलं पान वाच म्हणालं.
पहिलं पान शेळीने खाल्लं,
की शेळीला घातलं, ते मला माहीत नाही.
त्या दिवशी मी रजेवर होतो. तशी नोंद आहे.
मी नवी वही उघडली आणि तीच वाचली.

फाटका कान हलला.
"असं नव्हतं की बे त्या वेळी.
एक शब्द जास्त होता."
कोणता?
ते उभं राहिलं आठवत,
एक खूर जरा उचलून,
दगड वाहताना उचलतं तसा.
गिरणीच्या आवारात कुठेतरी पत्रा वाजला, थांबला.

मला येत होता तो शब्द.
मी दौतीचं झाकण लावलं.
झोप आता, म्हटलं,
सकाळी दगड आहेत.